खिडकी बदला, पण भिंत, हवा आणि हिशेब पाहून

कारंजा लाड येथे घराच्या दुरुस्तीचे काम निघाले की पहिला घाव बहुधा जुन्या खिडकीवर पडतो. सागवानी चौकट उपटायची, जुन्या लाकूडवाल्याला उक्त्या भावात देऊन टाकायची आणि त्या जागी अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवायची, असा प्रघात पडला आहे. घर नवे दिसू लागले म्हणून मालक खूश, काम दोन दिवसांत उरकले म्हणून मिस्त्री खूश. आमच्या मते या घाईत दोघांचेही नुकसान आहे. मालकाला ते मे महिन्यात कळते, मिस्त्रीला थोडे उशिरा.

प्रथम घराचा विचार करू. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस या चार वेशींच्या आतील जुन्या वस्तीत मातीच्या जाड भिंतींची घरे अजून आहेत. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, हे ध्यानात घेऊनच त्या घरांच्या खिडक्या केलेल्या होत्या. लाकडी पल्ले दुपारी बंद केले की ऊन आणि झळ बाहेर राहते व रात्री उघडले की पूर्ण गाळा मोकळा होतो. ज्या खिडक्यांना खाली-वर असे चार पल्ले आहेत, तेथे खालचे दोन लावून वरचे दोन उघडे ठेवता येतात. घरातील परदा राखला जातो आणि हवाही खेळते. दोन काचांच्या सरकत्या खिडकीचा मात्र कधीही निम्माच भाग उघडतो. बंद केली तरी काचेतून ऊन आत येते आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकटही तापते. कूलर लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कूलरची हवा जितकी आत येते तितकीच बाहेर जाण्यास वाट लागते. समोरच्या भिंतीतील खिडकी लहान केली, तर कूलर असूनही खोलीत नुसता दमटपणा राहतो.

दुसरा विचार भिंतीचा. मातीच्या भिंतीत लाकडी चौकट आणि तिच्यावरील तुळवट बहुतेक वेळा वरचे ओझे तोलून धरतात. टेका न देता चौकट ओढून काढली, तर वरची भिंत खचते आणि कारागिराच्या जिवावर बेतू शकते. शिवाय मातीत स्क्रू व प्लग धरत नाहीत. नवी खिडकी घट्ट बसवायची तर गाळ्याभोवती पक्के बांधकाम करावे लागते. हा खर्च अंदाजपत्रकात बहुधा नसतो, काम सुरू झाल्यावर निघतो. यास्तव चौकटीत टोचणी घालून पाहावी. लाकूड टणक असेल, वाळवी नसेल, तर चौकट राखून केवळ पल्ले, बिजागऱ्या आणि कडी-कोयंडे बदलावेत, बाहेरून जाळी लावावी. एखादा खालचा उंबरा कुजला असेल तर तेवढाच तुकडा जोडता येतो. जुने सागवान विकून जे पैसे येतात, त्यात त्या प्रतीचे नवे सागवान येत नाही, हे परतवाड्याच्या लाकूडबाजारात चौकशी केली तरी कळेल.

अ‍ॅल्युमिनियम वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. पक्क्या विटांच्या व स्लॅबच्या घरात, जेथे लाकूड पावसाने कुजते किंवा वाळवी सुटत नाही, तेथे ते योग्यच आहे. यूपीव्हीसीची खिडकी उष्णता कमी वाहते, मात्र तिच्या पोकळीत लोखंडी पट्टी घातलेली आहे की नाही हे पाहून घ्यावे. कोणताही माल घेतला तरी पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा हवाच. नुसती काळी काच लावून ऊन थांबत नाही.

बसवण्याची पद्धत नीट नसेल, तर महाग खिडकीही गळते. गाळ्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली, तर उंची डावीकडे, मध्ये व उजवीकडे मोजावी आणि सर्वांत लहान माप धरावे. दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर गाळा गुण्यात नाही. प्रत्येक बाजूस सुमारे ५ मिलिमीटर फट सोडावी, चौकट ओळंब्यात व पाणसळीत धरावी, मगच स्क्रू आवळावेत. फट सिलिकॉनने भरावी. खालच्या पट्टीतील पाणी जाण्याची भोके सिमेंटने बुजवू नयेत आणि उंबऱ्याचा उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा.

आता व्यवहाराकडे वळू. खिडकीचा भाव चौरस फुटावर ठरतो, पण अ‍ॅल्युमिनियम किलोवर विकत घेतले जाते. सेक्शन जितके पातळ तितका बनवणाऱ्याचा नफा अधिक. आणि रंग चढल्यावर जाडी ग्राहकाच्या डोळ्यांना दिसत नाही. बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलसर माल उघड करणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. वरून चकचकीत व आतून पातळ सेक्शन हा त्याच ओल्या धान्याचा प्रकार नव्हे काय? सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. मग अर्धे पैसे आधी व अर्धे काम झाल्यावर, अशा ठरावाने घेतलेले खिडकीचे काम तोंडी का असावे? सेक्शनची जाडी, काचेची जाडी, जाळी, कुलूप, भिंतीची दुरुस्ती कोणाकडे आणि गळती झाल्यास किती दिवसांपर्यंत दुरुस्त करून देणार, एवढे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. यात अविश्वास नाही. उलट दोघांचीही इज्जत राहते.

हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण प्रश्न रोजीचा आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो कारंजावरूनच जातो. नागपूरच्या दुकानातील तयार खिडकी आता काही तासांत येथे पोहोचते. किमतीत व चकाकीत तिच्याशी आपला मिस्त्री टिकणार नाही. पण कोणती चौकट राखायची आणि कोणती काढायची, मातीची भिंत कशी सांभाळायची, हे ज्ञान गाडीत भरून येत नाही. काष्ठासंघ मंदिरातील लाकडी कोरीवकाम ज्या गावात आहे, तेथे रंध्याला व पटाशीला काम उरू नये, ही खेदाची गोष्ट होय.

सुतार, फॅब्रिकेटर आणि गवंडी यांनी एकमेकांचे गिऱ्हाईक ओढण्याऐवजी एकत्र काम घ्यावे आणि एकच अंदाजपत्रक द्यावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार व गवंडी आहेत. तिच्यातील कर्जावर ५ टक्के व्याज असल्याने अनेकजण संपूर्ण योजनाच सोडून देतात. परंतु प्रशिक्षण, त्या काळातील रोजचे ५०० रुपये आणि अवजारांसाठीचे १५,००० रुपये हे कर्ज नव्हे. नोंदणी झालेल्यांनी निदान तेवढा हक्क सोडू नये.

घरमालकांनी खिडकी काढण्यापूर्वी एका जाणत्या सुताराला बोलावून ती दाखवावी. आणि सुताराने, नव्या कामात पैसा अधिक असला तरी, जुनी चौकट चांगली असेल तर ती चांगली आहे असे स्पष्ट सांगावे. त्या दिवशी कमाई थोडी कमी होईल, पण पुढचे दहा मालक त्याच्याच दारी येतील.