आईच्या साडीची बाहुली

आंबा-काजूचा हंगाम सुरू झाला की कट्टा परिसरातील वस्त्यांतल्या आया सकाळीच कामाला बाहेर पडतात. दोन-तीन वर्षांचे मूल आजीजवळ किंवा अंगणवाडीत राहते आणि रडते. कोणी म्हणते नजर लागली, कोणी दाराला काळी बाहुली टांगते, कोणी गळ्यात दोरा बांधते. आमचे म्हणणे असे की, बाहुली दाराला नको, मुलाच्या हातात हवी. आणि ती आईच्या जुन्या सुती साडीची हवी.

यात कसलीही जादू नाही. आई दूर गेली हे मुलाला लवकर कळते. ती परत येईल हे उमजायला वेळ लागतो. तोवर मऊ, ओळखीच्या वासाची वस्तू त्याला धीर देते. इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ साली हा विचार मांडला. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी १९५८ साली दाखवले की, दूध तारेच्या कृत्रिम आईकडे असले तरी माकडाची पिल्ले बहुतेक वेळ कापडाच्या आईलाच बिलगतात. म्हणून मूल बाहुली सोडत नसेल तर त्याला खोड समजू नका. हिसकावू नका, चिडवू नका. मुलग्यांनाही द्या. दवाखान्यात, लसीकरणालाही सोबत न्या.

काही भगिनी विचारतात, "चिंध्या आपण सोडल्या ना? मग मुलांच्या हातात पुन्हा त्याच का?" प्रश्न रास्त आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना नीटनेटके राहायला, पेहरावातली जातीची खूण टाकून द्यायला सांगितले. पण दुसऱ्याने टाकलेले फडके वेगळे आणि आपल्या कष्टाची, स्वच्छ धुतलेली साडी वेगळी. तिच्यात कमीपणा नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी आपल्या जिल्ह्याची शान आहेत, पण कुशीत घ्यायला कापडच लागते. बाजारातले खेळणे घ्यायचेच तर आयएसआय खूण पाहून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे.

बाहुली अशी करा. साडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. वीतभर उंचीचे, माणसाच्या आकाराचे दोन तुकडे कापा. कडेने बारीक, दुहेरी शिवण घाला. आत धुतलेल्या सुती कापडाचे तुकडे भरा. थर्माकोल, भुसा, प्लास्टिक नको. डोळे, तोंड दोऱ्याने भरा. बटण, मणी, टिकली लावू नका. तीन वर्षांखालील मूल ते गिळते आणि श्वास अडकतो. लांब दोरी, रिबीनही नको. शिवण ओढून तपासा. दोन बाहुल्या करा, म्हणजे एक धुता येईल. पावसाळ्यात ओली राहिली तर बुरशी धरते.

एक वर्षाखालील बाळाच्या झोपण्याच्या जागी बाहुली, उशी काहीही ठेवू नका. नाकातोंडावर येऊन जीव गुदमरतो.

आणि हेही लक्षात ठेवा. बाहुली धीर देते, आजार बरा करत नाही. मूल ताप, झटके, जुलाब किंवा धाप यांनी हैराण असेल, दूध घेत नसेल, तर गाऱ्हाणे घालत बसू नका. तडक सरकारी दवाखाना गाठा.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर तासभर सुई-दोरा घेऊन बसा. बाप्यांनीही बसावे. मूल दोघांचे आहे.

जयभीम!