उपवास आणि उपासमार

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या भाषेत उपवास आणि उपासमार हे दोन शब्द सख्ख्या बहिणींसारखे शेजारी उभे असतात. एकीला घरोघरी मान आहे, दुसरीचे नाव काढायची सोय नाही. घरात अन्न असून जो खात नाही त्याने उपवास केला असे आपण म्हणतो. ज्याच्यापाशी अन्नच नाही त्याची उपासमार झाली. फरक इतका स्वच्छ आहे. परंतु खेड्यातून येऊन, खोली घेऊन या शहरात शिकणाऱ्या मुलींच्या तोंडी हे दोन शब्द केव्हा एक होऊन जातात ते त्यांनाही कळत नाही. महिन्याची वीस तारीख उलटली की आमच्या गल्लीतील खोल्यांमधून सोमवार, गुरुवार, चतुर्थी यांची संख्या एकाएकी वाढते. "जेवायला येत नाहीस?" "नाही गं, आज माझा उपवास आहे." एवढ्यावर बोलणे संपते. पुढे कोणी विचारीत नाही. विचारले तर उत्तर द्यावे लागेल, आणि ते उत्तर दोघींनाही ठाऊक असते.

श्रद्धेने उपवास करणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझी आई वर्षानुवर्षे एकादशी धरते. तिचा उपवास हा तिचा आणि तिच्या विठ्ठलाचा प्रश्न आहे. मला बोलायचे आहे ते पैसे नसल्याच्या उपवासाबद्दल. त्याला देव नाही, पारणे नाही आणि पुण्य तर नाहीच नाही.

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्हा मुलींचे हिमोग्लोबिन तपासले. स्त्रीच्या शंभर मिलिलिटर रक्तात ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असले तर तिला पंडुरोग, म्हणजेच ॲनिमिया आहे असे धरतात. आमच्या खोलीतील चौघींपैकी तिघी या रेषेखाली निघाल्या. माझा आकडा ९.८ होता. आम्ही काही जगावेगळ्या नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात ही कमतरता आढळली. म्हणजे वर्गात मुलींच्या बाजूला ज्या बसल्या आहेत त्यांतील दर दोघींपैकी एक! दुपारच्या तासाला आम्ही पेंगतो तेव्हा सरांना वाटते, मुलींना इतिहासात रस नाही. रस आहे हो. रक्त कमी आहे.

तपासणीनंतर पौष्टिक आहारावर व्याख्यान झाले. व्याख्यान चांगले होते. पडद्यावर सफरचंद, बदाम, पनीर आणि काचेच्या पेल्यातले दूध अशी सुरेख चित्रे होती. परंतु ऐकता ऐकता माझ्या मनात एकच विचार घोळत होता, की आम्हाला काय खावे ते कळत नाही असे या मंडळींना का वाटते? माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. आईला सही करता येते, त्यापलीकडे अक्षरओळख नाही. पण ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, मोड आलेली मटकी, अंबाडीची भाजी, तांदुळजा, घोळ, जवसाची आणि कारळाची चटणी, वर कांदा आणि लिंबाची फोड, हे जेवण तिला कोणी तक्ता दाखवून शिकवलेले नाही. आहारशास्त्र सांगते की धान्यात जे प्रथिनाचे अंग उणे असते ते कडधान्यात भरपूर असते, म्हणून दोन्ही एकत्र खावीत. लिंबामुळे भाजीतले लोह अंगी लागते. आईला यातले 'का' ठाऊक नाही, 'कसे' मात्र पुरते ठाऊक आहे. ज्ञान आमच्या घरात होते आणि आहे. अडचण दुसरीकडे आहे.

पहिली अडचण चुलीची. आमच्यासारख्यांना खोली मिळते ती बहुधा 'स्वयंपाक करायचा नाही' या अटीवर. घरमालकाला भिंती काळ्या होण्याची धास्ती. मग खाणावळ आली. आमच्या खाणावळीत दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला २,६०० रुपये आगाऊ द्यावे लागतात. तेथे पोळ्या, पातळ वरण, बटाट्याची भाजी आणि भात असतो. पोट भरते, पण पालेभाजी आठवड्यातून एकदा आणि उसळ आली तर आली. शिवाय रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद. ज्यांना हे पैसे एकदम जमत नाहीत त्या एक वेळचा डबा लावतात आणि तो दोन वेळा पुरवतात. रेशनचे म्हणाल, तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माझ्या वाट्याला महिन्याला पाच किलो धान्य येते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफतही आहे. पण माझे नाव गावच्या शिधापत्रिकेवर आहे. धान्य घरी येते आणि मी इथे असते.

दुसरी अडचण वेळेची. काही मुलींचा डबा गावाहून एस.टी.ने येतो. आई पहाटे चारला उठते, भाकरी थापते आणि पहिल्या गाडीच्या वाहककाकांच्या हवाली डबा करते. हा डबा आमच्यातल्या सर्वांत भाग्यवान मुलीचा, कारण त्यात घरचे अन्न असते. पण गाडी चुकली, बिघडली, की बारा वाजेपर्यंत स्थानकावर वाट पाहायची आणि मग पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा फोडायचा. पोटाला तेवढाच आधार.

तिसरी अडचण सर्वांत अवघड, कारण ती आमच्या मनातच बसलेली आहे. घरी पुरुषांची पाने आधी वाढायची, मग मुलांची, आणि उरले तर बाईने खायचे, ही रीत पाहत आम्ही वाढलो. पैशांची ओढाताण झाली की मुलगी पहिली कात्री स्वतःच्या ताटाला लावते. तिला कोणी सांगावे लागत नाही. वास्तविक शरीराचा हिशेब याच्या नेमका उलट आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर स्त्रीला २९. जिला अधिक हवे तिने कमी खायचे, हा कुठला न्याय?

आता थोडे पैशांचे गणित मांडते, कारण 'गरिबाला पौष्टिक अन्न परवडतच नाही' हे म्हणणेही पुरते खरे नाही. या वर्षीच्या आमच्या बाजारभावाने १५ रुपयांत एक वडापाव येतो. तेवढ्याच पैशांत सुमारे १०० ग्रॅम शेंगदाणे येतात. त्यांत जवळजवळ २५ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे प्रौढ स्त्रीला दिवसभरात जी ४६ ग्रॅमच्या आसपास लागतात त्यांची निम्मी भरती तिथेच झाली. उपवासाच्या साबुदाण्याचे पाहा. साबुदाणा म्हणजे कंदाचे सत्त्व, जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत जो काही कस असतो तो शेंगदाण्याच्या कुटाचा, आणि हात आखडला की आपण पहिले कूटच कमी करतो!

गेल्या दिवाळीनंतर आम्हा चौघींना स्वयंपाकाला परवानगी देणारी खोली मिळाली. तेव्हापासूनचा हिशेब माझ्या वहीत आहे. एकीचा एका दिवसाचा खर्च असा: ज्वारी ३०० ग्रॅम १४ रुपये, मटकी किंवा हुलगे ७, शेंगदाणे ६, पालेभाजी ८, एक अंडे ७, तेल-मीठ-तिखट ६, गॅस ६, लिंबू-गूळ २. एकूण ५६ रुपये. खाणावळीचे पडतात ८७. दोन्हींतले अंतर महिन्याला नऊशे रुपयांच्या वर जाते, आणि ताटात रोज उसळ आणि हिरवी भाजी असते. जेवणाबरोबरचा चहा आम्ही तासभर पुढे ढकलला, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. याला तर एक पैसाही लागला नाही.

परंतु या हिशेबात एक रकमेचा आकडा मी लिहिलेला नाही. रोजचा दीड तास! भाकऱ्या थापायच्या, भांडी घासायची, दळण आणायचे. चौघी आहोत म्हणून पाळ्या लावता येतात. एकटीला हे जमणार नाही. तात्पर्य, स्वस्त आणि पौष्टिक अन्न मिळू शकते, पण ते एकट्याने मिळत नाही. त्याला चूल लागते, चार माणसांची सोबत लागते आणि 'मला भूक लागली आहे' हे मोकळेपणाने म्हणण्याची मुभा लागते. ही तिसरी गोष्ट बाजारात विकत मिळत नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "मोबाइलच्या रिचार्जला पैसे असतात, आणि जेवायला नसतात?" त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे वेळापत्रक, सारे त्याच मोबाइलवर येते. तो बंद पडला तर शिक्षण बंद पडते; जेवण बंद पडले तर निदान बाहेरून काही दिसत नाही. म्हणून आधी जेवण बंद पडते.

दुसरे काही म्हणतात, "आम्ही चटणी-भाकर खाऊन शिकलो, आमचे काय बिघडले?" त्यांच्या कष्टांपुढे मी मान तुकवते. पण जे शिकून पुढे गेले तेच आज ही गोष्ट सांगायला आपल्यासमोर आहेत. त्यांच्याच बाकावर बसून जे अर्ध्यातून गावी परतले, त्यांची गोष्ट सांगायला कोण उरले आहे? आपल्याकडे 'पोटाला चिमटा काढून शिकला' हे मोठ्या कौतुकाने म्हणतात. कौतुक शिकण्याचे असावे. चिमट्याचे कशासाठी?

ज्यांनी आपल्यासारख्यांसाठी शिक्षणाची दारे उघडली त्यांना हे पुरते उमगले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. पाटी-पुस्तकाइतकीच भाकरी ही शिक्षणाची सामग्री आहे, असे त्या माउलीने न बोलता सांगितले.

सरकारलाही हे अर्धे पटलेले आहे. १९९५ साली सुरू झालेल्या शालेय पोषण आहार योजनेत सहावी ते आठवीच्या मुलासाठी रोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि २० ग्रॅम प्रथिने असे माप ठरवले आहे. मी त्या खिचडीवर वाढले आहे. आठवीपर्यंत माझ्या ताटातली डाळ ग्रॅममध्ये मोजली जात होती. नववीत गेले आणि मोजणे थांबले. आठवी पास झाल्यावर मुलाची भूकही पास होते काय?

असो. नुसते रडगाणे गाण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. आपल्या महाविद्यालयाच्या आवाक्यात आहेत अशा तीन गोष्टी सुचवते. एक, उपाहारगृहात वडा आणि सामोशाच्या शेजारी एक साधे ताट असावे: दोन भाकरी, उसळ, पालेभाजी आणि लिंबाची फोड. त्यावर नफा घेऊ नये. ते ताट 'कमवा आणि शिका' योजनेतील विद्यार्थ्यांनी तयार करावे, आणि भाकरी थापायला मुलगेही असावेत. शहरात आल्यावर वडापाववर दिवस काढणारी आमची मुलगे मंडळी भाकरी थापायला शिकली तर त्यांचेही भलेच होईल. दोन, हिमोग्लोबिनची तपासणी वर्षातून दोनदा व्हावी, आणि ज्यांचा आकडा कमी त्यांना गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात पाठवावे. नुसता आकडा सांगून घरी पाठवू नये. तीन, ज्यांच्या खोलीवर चूल नाही अशांसाठी एखादी रिकामी खोली, दोन शेगड्या आणि पाण्याचा नळ द्यावा. साफसफाईची जबाबदारी आम्ही घेतो.

आणि मैत्रिणींनो, एक गोष्ट आपल्या हातची. ज्या दिवशी खरोखर उपवास असेल त्या दिवशी तो आनंदाने करा. पण ज्या दिवशी पैसे संपलेले असतील त्या दिवशी देवाला मध्ये घालू नका. शेजारच्या खोलीत जाऊन स्पष्ट सांगा, "आज माझ्याकडे पैसे नाहीत." समोरची मुलगी हसणार नाही, बहुधा ती परातीत आणखी मूठभर पीठ घेईल. पुढच्या महिन्यात ते मूठभर पीठ तुम्ही घ्याल. भाकरी अर्धी अर्धी वाटून खाण्यात कमीपणा नाही. खाणाऱ्या तोंडांनी एकमेकांपासून भूक लपवावी, यात मात्र आपल्या साऱ्यांचाच कमीपणा आहे.