बोथट साखळी आणि मजुराचे हात

विळ्याला धार लावल्याशिवाय आपल्याकडे कोणी ज्वारी कापायला जात नाही. पण पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत हाती आली की हे शहाणपण आपण विसरतो. इंजिन आहे, ते कापीलच, अशी समजूत! लाकूड कापले नाही की यंत्राला नावे ठेवायची आणि मजुराला म्हणायचे, "अजून जोर लाव." आमच्या मते दोष बहुधा यंत्राचा नसतो, मजुराचा तर नसतोच. साखळीला धार नसते. हत्यार बोथट असले की ताकद जास्त खर्ची पडते, हे उपदेशकाने दहाव्या अध्यायात केव्हाच सांगून ठेवले आहे.

धार गेली हे ओळखायचे कसे? खाली काय पडते ते पाहावे. धारदार दात कपच्या काढतो, बोथट दात पिठासारखा भुसा काढतो. करवत दाबावी लागली की काम थांबवावे. आपल्या आदिलाबादकडे साग पुष्कळ. त्याच्या लाकडात वाळूच्या जातीचा कठीण अंश असतो, म्हणून धार लवकर जाते. बुंध्यावरची माती, जुना खिळा, कुंपणाची तार यांनी तर ती क्षणात जाते. बुंधा आधी झाडून घ्यावा आणि साखळी जमिनीला टेकू देऊ नये.

"कानस मारली, तरी चालत नाही," अशीही तक्रार असते. तिची कारणे बहुधा अशी :

१) करवत एका बाजूला ओढते : हाताला सोप्या बाजूचे दात जास्त घासले गेलेले असतात. सर्वांत आखूड दात शोधून बाकीचे त्याच्या लांबीचे करावेत. पुढे प्रत्येक दाताला मोजून सारखेच हात मारावेत. तरीही ओढत असेल तर पट्टीच्या कडा झिजल्या आहेत.

२) दाताला धार आहे, पण कापत नाही : प्रत्येक दातापुढे एक बुटके टोक असते. दात लाकडात किती शिरेल हे ते ठरवते. घासून घासून दात खाली येतो, टोक मात्र तेवढेच राहते. मापपट्टी ठेवून ते सपाट कानशीने उतरवावे. बऱ्याच साखळ्यांत ते दातापेक्षा सुमारे ०.६५ मि.मी. खाली लागते.

३) करवत अडकते, उसळते : टोक प्रमाणाबाहेर उतरवले आहे. ही साखळी धोक्याची, वापरू नये.

४) कानस दातावरून घसरते : दात सहाणयंत्रावर तापून निळा व कडक झाला आहे, किंवा कानसच झिजली आहे.

कानस गोल हवी आणि साखळीच्या मापाची हवी. ०.३२५ इंची साखळीला ४.८ मि.मी., लहान करवतींच्या बारीक ३/८ इंची साखळीला ४ मि.मी. कोन बहुधा ३० अंशांचा. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत पाहून घ्यावा. इंजिन बंद करून, प्लगची तार काढून, हातमोजे घालून बसावे. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलावी आणि परत आणताना उचलावी. पेट्रोल भरताना दर वेळी दोन-तीन हात मारले तर साखळी फारशी बिघडत नाही.

आता आरोग्याचे. बोथट साखळीने यंत्र जास्त थरथरते आणि तेच काम जास्त वेळ चालते. वर्षानुवर्षे अशी थरथर सोसली तर बोटांतील रक्तवाहिन्या व नसा बिघडतात. बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. आपल्याकडच्या पौषातल्या थंडीत हा त्रास अधिक जाणवतो. पुढे सदऱ्याची गुंडी लावणेही जड जाते. बारीक भुसा छातीत जातो, आवाजाने कान जातात. जोर देताना हात निसटला तर काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, धार लावण्याचा वेळ हा मजुरीचाच वेळ आहे. झाडामागे पैसे ठरवून जो मालक मजुराला कानस हाती घेण्याची सवड देत नाही, तो त्या मजुराच्या बोटांतून आपला नफा काढतो. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, असे आपण मिस्सेत ऐकतो. ते बांधावरही खरे असले पाहिजे. कानस, हातमोजे, कानांचे संरक्षण आणि धारेचा वेळ मालकाने द्यावा.

दुसरे असे की, ही विद्या गावात हवी. शौलाच्या काळी इस्राएलात लोहार उरला नव्हता. फाळ आणि कुऱ्हाडी पाजवायला लोकांना पलिष्ट्यांकडे जावे लागे आणि वर पैसे मोजावे लागत (१ शमुवेल १३). गोदावरीपलीकडे कोनसमुद्रमचे पोलाद एके काळी इराणचे व्यापारी येऊन नेत. अशा मुलखातल्या माणसाने एका साखळीसाठी शहराची वाट का धरावी? प्रत्येक वस्तीतल्या दोन तरुणांनी हे काम नीट शिकून घ्यावे आणि शेजाऱ्याला शिकवावे. ही सेवाच आहे.