आधी कुठं, मग काय



तुम्ही म्हणाल, खतं-बियाणं सोडून हा माणूस मेंदूच्या गोष्टी कुठं घेऊन बसला! पण जरा दम धरा. ही वाट तुमच्या फवारणीच्या पंपापाशीच येऊन पोचते.

माझी पुतणी डॉक्टरकी शिकते. सुट्टीत आली ती रबराची एक हातोडी घेऊन. मला खाटेवर पाय लोंबते सोडून बसवलं आणि गुडघ्याच्या वाटीखाली हळूच टोला दिला. पाय आपोआप उडाला. "काका, हा आमचा पहिला धडा," ती म्हणाली. "टोल्याची खबर मज्जातंतूनं पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत नेली आणि तिथूनच हुकूम परत आला. मेंदूला कुणी विचारलंच नाही."

मी म्हटलं, "एवढं मोठं शास्त्र पाठ तरी कसं करतेस?"

"पाठ करून भागत नाही. बिघाड कुठं आहे ते आधी शोधायचं, काय आहे ते मग."

मला विहिरीवरची मोटार आठवली. पाणी आलं नाही की आपण आधी डीपीवर बघतो, मग स्टार्टर, मग केबल आणि शेवटी मोटार. वीज नसताना कुणी मोटार वर काढत नाही. या पोरांच्याही अशाच पायऱ्या: मेंदू, मज्जारज्जू, मज्जातंतू, मज्जातंतू आणि स्नायूचा सांधा, शेवटी स्नायू. पाय लुळा पडला आणि बिघाड वरच्या दोन पायऱ्यांवर असला, तर पुढं बहुधा हातोडीनं पाय जास्तच उडतो. मज्जातंतू तुटला असेल तर उडतच नाही.

चौथ्या पायरीवर मात्र मी चमकलो. त्या सांध्यात बारीक फट असते. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य सुटतं आणि स्नायू आवळतो. काम झालं की कोलीनएस्टरेज हे दुसरं द्रव्य त्याचा तिथंच निकाल लावतं. वाफा भरला की आपण दारं मोडतो, तसंच. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं, उदाहरणार्थ प्रोफेनोफॉस, या दारं मोडणाऱ्यालाच निकामी करतात. पाणी वाहतच राहतं. कीड तडफडून मरते ती यामुळं.

हे मी बी.एस्सी.ला कीटकशास्त्राच्या पेपरात लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. पण तेच द्रव्य माणसातही आहे, ही खूणगाठ मनाशी बांधली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला एका कपाशीच्या बांधावर फवारणारा गडी घामानं निथळत बसला होता. तोंडाला लाळ, डोळ्यांपुढं अंधुक. मी म्हणालो, "ऊन लागलंय, सावलीत निजवा." त्यात दोन तास गेले. नशिबानं तो वाचला. पण ते दोन तास माझ्या खाती आहेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली, तेव्हा तोच गडी डोळ्यांपुढं आला.

म्हणून पोरीनं सांगितलेल्या खुणा लिहून ठेवा. डोळ्याची बाहुली मोहरीएवढी होणं, लाळ, घाम, उलटी, जुलाब, स्नायू फडफडणं, दम लागणं. फवारणाऱ्याला यातलं काही दिसलं, तर उन्हावर ढकलू नका. त्याला शेताबाहेर काढा, आपल्या हातांत मोजे घालून त्याचे कपडे उतरवा आणि साबण-पाण्यानं अंग धुवा. ओकारी काढायला लावू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवा. 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा लेबलासकट दवाखान्यात न्या. लेबल पाहून डॉक्टरांना अ‍ॅट्रोपीनसारखे उपाय लवकर ठरवता येतात.

हे विष कातडीतूनही शिरतं. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला मास्क आणि वाऱ्याकडे पाठ, एवढं सांभाळाच.

पुतणी परत गेली, हातोडी मात्र विसरून गेली. ती मी आता फवारणीच्या शिबिरांना नेतो. एकाचा पाय उडाला की सगळे हसतात, आणि मग पुढचं नीट ऐकतात.