ढगांचे चित्र पाहून सोयाबीन कापताय?

परतीच्या पावसात सोयाबीन आज कापायचे की दोन दिवस थांबायचे, हे आता बरेच जण मोबाईलवर फिरणाऱ्या ढगांच्या चित्रावरून ठरवतात. चित्र खरे असते, ते वाचण्यात चूक होते.

हे चित्र पाठवणारा इन्सॅट-३डीआर हा उपग्रह २०१६ मध्ये सोडला. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने आपल्यासाठी तो एका जागी उभा असतो. कोल्हापूरही जवळपास त्याच रेखांशावर येते. म्हणजे कळंब्याच्या बांधावर दक्षिणेकडे तोंड करून मान बरीच वर केली, की नजर त्याच्याच दिशेला जाते. दिसत नाही, ती गोष्ट वेगळी! फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस ८२ अंशांवरून पाहतो. प्रत्येकाचे चित्र साधारण अर्ध्या तासाने येते.

रात्रंदिवस मिळणारे अवरक्त चित्र म्हणजे फोटो नव्हे. ते तापमानाचे मोजमाप आहे. ढगाचा माथा जितका उंच तितका थंड, आणि जितका थंड तितका चित्रात पांढरा. उपग्रहाला हा माथा दिसतो. त्याखाली पाऊस पडतोय की नाही, हे त्याला थेट दिसत नाही.

एप्रिल-मेमधला वळवाचा ढग उंच चढतो, त्यामुळे तो चित्रात ठळक उमटतो. पण पाऊस ओसरल्यावरही वरचा पातळ थर बराच वेळ पांढरा दिसत राहतो आणि आपण विनाकारण फवारणी थांबवतो. जुलैत नेमके उलटे होते. सह्याद्रीला अडून गगनबावडा, राधानगरीकडे कोसळणारे ढग बहुधा बुटके असतात, त्यांचे माथे फार थंड नसतात. चित्र राखाडी आणि खाली धो धो पाऊस. म्हणून पंचगंगेकाठी शेती असणाऱ्यांनी ‘चित्रात काही नाही’ म्हणून नदीवरच्या मोटारी काढायला उशीर करू नये. तिथे धरणाचा विसर्ग आणि बंधाऱ्यावरची पाणीपातळी पाहावी.

अवरक्त चित्रातला एक ठिपका साधारण ४ बाय ४ किलोमीटरचा, म्हणजे जवळपास ४,००० एकरांचा असतो. कळंबा तलाव आणि भोवतालचे शिवार अशा एक-दोन ठिपक्यांतच मावते. तुमच्या रानाचे उत्तर त्यात शोधू नका.

आणखी एक, चित्रावरची वेळ आधी वाचा. ती यूटीसीमध्ये असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. सकाळचे चित्र संध्याकाळी पुढे पाठवलेले असते, हे नेहमीचेच आहे.

दुपारी फवारणी करायची असेल तर एकच चित्र न पाहता हवामान विभागाच्या संकेतस्थळावरची शेवटची चार-पाच चित्रे ओळीने पाहा. पांढरा भाग वाढतोय का आणि कोणीकडे सरकतोय, एवढे त्यातून कळते आणि पुढच्या दोन-तीन तासांसाठी ते पुरते. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप ठेवा. सोयाबीन कापणीसारखा दोन-तीन दिवसांचा निर्णय मात्र हवामान विभागाचा मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला पाहून घ्या, आणि कापलेला माल झाकायला ताडपत्री आधीच रानात नेऊन ठेवा.