कपाशीतील तुरीचे तास

यवतमाळच्या महाविद्यालयात गुंतवणूक-व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला, मालमत्तांची केवळ संख्या वाढवून नव्हे, तर एकाच वेळी न बुडणाऱ्या मालमत्ता एकत्र बांधून जोखीम घटते, हा हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडलेला आणि १९९० मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरविलेला सिद्धान्त परका वाटू नये. कारण त्याच्या वडिलांच्या काळ्या रानात कपाशीच्या आठ-दहा तासांमागे तुरीचे तास उभे असते, आणि गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली तरी तूर घरात येते. मात्र पावसाने ओढ दिली की दोन्ही पिके एकदम करपतात. सहसंबंधाचा अर्थ याहून स्पष्ट कोणता ग्रंथ सांगणार? अध्यापकांनी समभागांच्या कोष्टकांआधी वर्गाला सातबाऱ्यावरील पीकपेऱ्याची नोंद वाचायला द्यावी, ही कळकळीची विनंती.