‘स्प्लाइस’ आणि आमचे तीन शो

आधीच सांगून ठेवतो. ‘स्प्लाइस’ नावाचा इंग्रजी पिक्चर ज्यांनी पाहिलेला नाही आणि ज्यांना पाहायचा आहे, त्यांनी इथेच थांबावं. मी शेवटासकट सगळं फोडणार आहे. ज्यांना पाहायचाच नाही त्यांनी बिनधास्त पुढे वाचावं. (जेवता जेवता मात्र नको.)

हा पिक्चर मी आजवर तीन वेळा पाहिला. तीनदा पाहावा इतका काही तो महान नाही. पण दुसऱ्या वेळेपासून माझं लक्ष पडद्यापेक्षा शेजारी बसलेल्या मंडळींकडेच जास्त होतं, आणि आजचं पुराण त्यांच्याबद्दलच आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. क्लाइव्ह आणि एल्सा हे जोडपं एका औषध कंपनीत जनुकांची जोडाजोड करतं. निरनिराळ्या प्राण्यांची जनुकं मिसळून त्यांनी दोन गोळे तयार केलेत, फ्रेड आणि जिंजर. दिसायला अवाढव्य गोगलगाय, तीही शंखाविना. त्यांच्यापासून गुराढोरांच्या औषधांसाठी प्रथिनं काढायची, हा धंदा. पुढची पायरी म्हणजे माणसाचं जनुक मिसळणं. कंपनी म्हणते नाही. मग हे दोघं चोरून मिसळतात. त्यातून जी जन्मते ती ड्रेन. आधी उंदरासारखी, मग मुलीसारखी, मग बाईसारखी, आणि शेपटीला विषारी नांगी. प्रयोगशाळेत लपेना, म्हणून तिला एल्साच्या आईच्या जुन्या, ओसाड फार्मवरच्या गोठ्यात नेऊन ठेवतात. तिथे जे घडतं ते मी चारचौघांत सांगू शकत नाही. क्लाइव्ह आणि ड्रेन यांच्यात जे व्हायला नको ते होतं, पुढे ड्रेन मादीची नर बनते आणि एल्सावर अत्याचार करते. क्लाइव्ह मरतो, ड्रेन मरते, एल्सा गरोदर राहते. शेवटच्या सीनमध्ये ती कंपनीच्या बाईसमोर बसून करार करते. पोटातलं मूल कंपनीचं.

दिग्दर्शक व्हिन्सेंझो नताली. पिक्चर 2009 चा, अमेरिकेत थेटरात लागला जून 2010 मध्ये. समीक्षकांनी बऱ्यापैकी उचलून धरला, आणि पब्लिकने आपटला. तिकडे सिनेमास्कोर म्हणून एक कंपनी आहे, ती पहिल्या दिवशी थेटरातून बाहेर पडणाऱ्या लोकांकडून मार्क घेते. ‘स्प्लाइस’ला मिळाला ‘डी’. पहिल्या दिवशी हौसेने आलेले लोक सहसा इतके कंजूष नसतात. राक्षसाचा पिक्चर म्हणून तिकीट काढलं आणि समोर भलतंच आलं, असा तो राग असावा.

पहिला शो आमच्या हॉस्टेलवर, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एक लॅपटॉप, अकरा पोरं. ड्रेन आणि क्लाइव्हचा तो सीन आला तेव्हा आम्ही असे काही हसलो की वॉर्डन वर आला. शिट्ट्या, कॉमेंट्री, ‘रिवाइंड कर बे’, सगळं. मीही हसत होतो. आता वाटतं, ते हसू म्हणजे अंगावरची पाल झटकायची पद्धत होती.

दुसरा शो पुण्यात, आमच्या फ्लॅटवर, ऑफिसची मंडळी. इथे कोणी शिट्टी मारली नाही. इथे ‘छी’ झालं. त्याच सीनला एकीने लॅपटॉपचं झाकण पाडलं आणि सरळ पिझ्झा मागवला. मग चर्चा. आणि चर्चेचा निष्कर्ष दहा मिनिटांत हजर : माणसाने निसर्गाशी खेळू नये. एकजण म्हणाला, म्हणूनच मी जीएम वगैरे काही खात नाही, ऑरगॅनिकच आणतो. (त्याच्या अंगावर सुती टी-शर्ट होता. भारतातला बहुतेक सगळा कापूस आज बीटी आहे, पण पिझ्झा गरम होता म्हणून मी गप्प बसलो.)

हॉस्टेलचं हसू आणि फ्लॅटवरचं ‘छी’ मला तेव्हा एकमेकांच्या उलट वाटलं होतं. पण दोन्ही एकाच सीनला आले, आणि दोन्हींनंतर पिक्चर संपला. पुढे काय होतं, कोण कशावर सही करतं, हे हॉस्टेलवर गोंगाटात कोणी ऐकलं नाही आणि फ्लॅटवर कोणी पाहिलंच नाही.

तिसरा शो माझ्या घरी, शिरपूरला. हे धुळ्याचं नव्हे, वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर जैन. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं शिरपूर म्हटलं की कोणाकोणाला ओळख पटते. मंदिराला 1981 पासून वादापायी कुलूप होतं, ते 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर निघालं. माझं सगळं लहानपण झरोक्यातून दर्शन घेणारी माणसं बघण्यात गेलं. एकच झरोका, एकच मूर्ती, आणि बाहेर आल्यावर प्रत्येकाचं सांगणं वेगळं. तेव्हा प्रेक्षक नावाच्या प्रकाराची मला सवय लवकर लागली म्हणा ना.

तर गेल्या दिवाळीत चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, म्हणाला की तुझ्या लॅपटॉपवर एखादा भारी पिक्चर असंल त लाव. आईबाबांसमोर ‘स्प्लाइस’ लावणं म्हणजे आत्महत्या. म्हणून आदल्या रात्री बसून मी चक्क त्याची काटछाट केली. गोठ्यातला तो सीन उडवला, शेवटचा अत्याचार उडवला. पुण्यात ज्याच्यावर चर्चा झाली ते सगळंच गेलं. भाषा इंग्रजी, म्हणून टीव्हीशेजारी उभा राहून वऱ्हाडीत कॉमेंट्री माझीच. (म्हणजे हा प्रयोग शास्त्रशुद्ध नव्हता, मान्य. कॉमेंट्री करणारा माणूस निष्पक्ष नसतो, हे क्रिकेट बघणाऱ्याला सांगायला नको.) प्रेक्षक : बाबा, काका, दादा. आई पहिल्या पाच मिनिटांत ‘काय बाप्पा घानेरडं’ म्हणून चकल्या तळायला गेली.

ड्रेनला कोणी घाबरलं नाही. काका म्हणाले, शेपूट बरी हाये, माश्या हाकलाले कामी येते. ज्या सीनला तिघं सरसावून बसले तो वेगळाच होता. कंपनी भागधारकांसमोर फ्रेड आणि जिंजरचा कार्यक्रम ठेवते. स्टेज, लाइट, भाषणं. पडदा सरकतो, काचेच्या पेटीत दोघं समोरासमोर येतात आणि एकमेकांना फाडायला लागतात. पेटी फुटते, रक्त पहिल्या रांगेच्या कपड्यांवर. कारण असं की जिंजर मधल्या काळात नर झालेली असते आणि ते कोणाच्या लक्षातच आलेलं नसतं.

काका मोठ्याने हसले. ‘बियान्याच्या कंपनीचा मेळावा!’ बरोबर तसंच. मंडप, टोप्या, मसालेभात, आणि स्टेजवर बोंडांनी लगडलेलं एकच झाड. बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘थ्या दोघाईकडे कोनाचं ध्यान होतं?’

म्हटलं, कोणाचंच नाही. ते ड्रेनला वाढवण्यात गुंतले होते.

‘मंग जनावराचा काय दोष?’

मला आमचा एक डेमो आठवला. रात्रभर अलर्ट येत होते, मी ते म्यूट करून झोपलो होतो, कारण नवं फीचर जास्त गोड होतं. सकाळी क्लायंटसमोर सिस्टीम कोसळली. रक्त उडालं नाही इतकंच.

बाबा थोड्या वेळाने म्हणाले, ‘आपल्यालेबी त पुडी देत होते. थे कुठी गेली?’

ही पुडी काय ते शहरी वाचकांसाठी सांगतो. बीटी कपाशीला भारतात मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं, त्यामुळे झाडच बोंडअळीला मारक प्रथिन तयार करतं. पण सगळीकडे तेच झाड लावलं तर त्यातून वाचणाऱ्या मोजक्या अळ्यांचीच पुढची पिढी वाढते आणि विष निरुपयोगी होतं. म्हणून 450 ग्रॅम बीटीच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. ती शेताच्या कडेने पेरायची. तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग त्या चिवट पतंगांशी जुळतील आणि चिवटपणा पातळ होत राहील. थोडं पीक अळीला मुद्दाम खाऊ घालायचं, असा तो हिशेब. आपल्या घामाच्या शेतात अळीला पंगत कोण वाढणार? आमची पुडी गोठ्याच्या आढ्याला खोचलेली असायची. मी लहानपणी त्या बिया गलोलीला वापरल्यात. कंपनीच्या मेळाव्यात झाडावरची बोंडं मोजून दाखवली जायची, पुडीबद्दल एखादं वाक्य शेवटी, तोवर लोक जेवायला उठलेले. त्यात आमच्याकडे फरदड. पाणी असलं की कपाशी उपटायची नाही, फेब्रुवारी-मार्चपर्यंत वेचत राहायचं. गुलाबी बोंडअळीला याहून मोठी धर्मशाळा नाही.

2010 मध्ये, म्हणजे ‘स्प्लाइस’ अमेरिकेत लागला त्याच वर्षी, पहिल्या बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे गुजरातेतून जाहीर झालं. दोन जनुकांची दुसरी बीटी 2006 पासून होतीच, तीही पुढे हरली. 2017 च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. पुढे बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून द्यायची पद्धत आली, म्हणजे पुडी आढ्याला खोचायची सोयच राहिली नाही.

एवढं सगळं बाबांना पडद्यावरच्या दोन गोळ्यांवरून आठवलं. पुण्यातल्या आमच्या हुशार मंडळींना (त्यात एक बायोटेकवाली होती) त्यातलं काही दिसलं नाही, कारण ती ड्रेनकडे बघत होती. मी तरी पहिल्या दोन वेळा दुसरीकडे कुठे बघत होतो म्हणा.

माझं मत असं बनलंय की ‘छी’ ही प्रतिक्रिया आपल्याला वाटते तितकी निरुपद्रवी नाही. पिक्चरमध्येसुद्धा कंपनी ‘नाही’ म्हणते म्हणून काम थांबत नाही, ते गोठ्यात जातं. गोठ्यात ना नोंद, ना तपासणी, ना चार डोळे. फेब्रुवारी 2010 मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली. त्याआधी जयराम रमेश यांनी निरनिराळ्या शहरांत सुनावण्या घेतल्या, नागपुरातही घेतली. काही आक्षेप रास्त होते, नाही असं नाही. पण वर्षांवर वर्षं गेली आणि स्थगिती म्हणजेच धोरण होऊन बसलं. बांगलादेशाने 2013 मध्ये तेच वांगं मान्य केलं. आणि आमच्याकडे तणनाशक सहन करणारी कपाशी? तिला परवानगी नव्हती तरी ती आलीच. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी ती उघड पेरून सत्याग्रह केला. ज्यांना सत्याग्रह करायचा नव्हता त्यांनी गुपचूप पेरली. बाजारातलं तिचं नावच ‘चोर बीटी’. पाकिटावर नाव एक, आत काय ते देव जाणे, आणि पावती नाही.

तुम्ही म्हणाल, मग पेरूच नये. निंदणाला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, हे ज्याच्या शेतात गुडघाभर तण आहे त्याला सांगून बघा. मी पुण्यात बसून सांगितलंय. दादाने फोन ठेवून दिला होता.

जीएममुळे राक्षस जन्मतो असं मला वाटत नाही. पण पावतीशिवायच्या पाकिटाची मला भीती वाटते. उद्या बी उगवलं नाही, तण उलटलं, फवारणीत कोणाला काही झालं, तर जाब विचारायला समोर कोणी नाही. क्लाइव्ह-एल्सावर माझा राग ड्रेन बनवल्याबद्दल नाही. तिला कोणाला दाखवता येणार नाही अशा जागी ठेवल्याबद्दल आहे.

पिक्चर संपला तेव्हा दादाने एकच विचारलं, ‘शेवटी थ्या बाईनं कायच्यावर सही केली?’ मी सांगितलं. तो ‘हं’ म्हणाला आणि चकल्या खायला गेला.

जूनमध्ये पाऊस पडल्यावर त्याचा फोन आला. बाबांची दोन एकर कपाशी पाकिटावर पावती असलेली, त्याची तीन एकर तशी नाही. मी भांडलो नाही. म्हटलं, निदान एक वही कर. कोणत्या पट्ट्यात कोणतं बी, पेरणीची तारीख, फवारणी कधी आणि कशाची, अळी कधी दिसली, सगळं लिहून ठेव. आम्ही लॉग ठेवतो तसं.

दादा हसला. म्हणाला, ‘लिवतो ना बाप्पा. पन थे वही दाखू कोनाले?’